दोघे आले, तिघे गेले

कमठाणा हे गाव बीदर शहरापासून दहाबारा किलोमीटरांवर आहे. वसई, अलिबाग वा जालना ह्या भागांतील आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी त्याचे नाव ऐकले असेल. समुद्र येथून फार दूर. पायाखाली जांभ्याची तांबडी माती, शेतांत तूर, ज्वारी, उडीद, आणि अलीकडे सोयाबीन. गावात कन्नड बोलतात, बीदरच्या बाजारात उर्दू चालते, आणि भालकी-औरादकडचा माणूस भेटला की बोलणे आपोआप मराठीवर येते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. भाषावार पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. उदगीर, निलंगा व अहमदपूर मुंबई राज्याकडे गेले, जहीराबाद व नारायणखेड आंध्राकडे, आणि राहिलेला भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला मिळाला. जिल्ह्याची घरे अशी वाटली गेली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत.

बीदरला परक्या मुलखातून माणसे नेहमीच येत आली आहेत. बहामनी राज्याचा प्रसिद्ध वजीर महमूद गावान हा इराणातील गीलान प्रांताचा. त्याने १४७२ साली बांधलेली विद्यापीठाची इमारत शहरात आजही उभी आहे. नानक झिऱ्याच्या दर्शनास शीख यात्रेकरू दुरून येतात. अष्टूरचे मकबरे व किल्ला पाहावयास इतिहासाचे विद्यार्थी येतात. परंतु ज्यांच्याविषयी आज लिहावयाचे आहे ते नवराबायको ह्यांपैकी कशासाठीही आले नव्हते. ते आपले मूल न्यावयास आले होते.

त्यांची नावे आम्ही देणार नाही. दत्तक मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून मुलीचे नाव, वर्ष आणि शिशुगृह हे सारे येथे वगळले आहे. मुलीच्या शरीरात जन्मतः एक उणेपणा होता. तो कोणता, हे सांगण्याचीही गरज नाही. दांपत्य माल्टा देशाचे होते, एवढे सांगितले तरी पुरे.

माल्टा हे भूमध्य समुद्रातील चिमुकले राष्ट्र. क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर. आपल्याकडील एखाद्या तालुक्याहूनही लहान. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाचे गलबत ज्या बेटाच्या किनाऱ्यावर फुटले असे आपण वाचतो, तेच हे बेट. पावसाने भिजलेल्या, थंडीने काकडलेल्या त्या अनोळखी माणसांसाठी बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटविली होती. तेथील दोन माणसे आता आमच्या मुलखात अनोळखी म्हणून आली होती, आणि त्यांच्यासाठी शेकोटी पेटविण्याची पाळी आमची होती.

पती बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती करणारा, पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्नाला बारा वर्षे झालेली. मूल मागितल्यापासून ते मिळेपर्यंत त्यांची चार वर्षे गेली होती. पुष्कळांस वाटते की परदेशी माणूस येतो, पैसे मोजतो आणि मूल उचलून नेतो. वस्तुस्थिती तशी नाही. आधी आपल्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेत अर्ज करावा लागतो. समाजसेविका घरी येऊन राहणी, आरोग्य, उत्पन्न व स्वभाव ह्यांची चौकशी करते. मग ते कागद दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे लोक ज्यास ‘कारा’ म्हणतात तिकडे येतात. तेथून ना-हरकत पत्र मिळाले की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावयाचा. पूर्वी हा आदेश न्यायालय देई, २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे. आदेशानंतर जन्मदाखला, पासपोर्ट, हेग कराराप्रमाणे लागणारे प्रमाणपत्र आणि व्हिसा. एवढे झाल्याशिवाय मुलाचे पाऊल देशाबाहेर पडत नाही.

बहुतेक परदेशी दांपत्ये आदेश झाल्यावरच येतात, कारण नोकरीची रजा मोजकी असते. परंतु ना-हरकत पत्र मिळाल्यावर आदेशाची वाट पाहत मूल आपल्याजवळ सांभाळावयाचे असेल, तर नियमांत तशी मुभा आहे. मात्र ते भारतातच सांभाळले पाहिजे. ह्या दोघांनी रजा जमवून ही वाट धरली. बीदरमध्ये एका वृद्ध मुसलमान गृहस्थांच्या घरी माडीवरच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. मुक्काम सात आठवड्यांचा झाला.

मुलगी दोन वर्षांच्या आतबाहेरची. पहिल्या दिवशी तिने त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले, आणि शिशुगृहातील मावशीच्या खांद्यात तोंड खुपसले. त्या मावशी औराद तालुक्याच्या. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत आलेली ही पोर त्यांच्याच मांडीवर वाढली होती. पाच दिवस ते दोघे रोज सकाळी जाऊन जमिनीवर नुसते बसून राहात. सहाव्या दिवशी मुलीने पतीच्या चष्म्याला हात लावला. सातव्या दिवशी तिला माडीवर आणले.

मग खरा संसार सुरू झाला. पाणी उकळावयाचे, गाळावयाचे, मच्छरदाणी बांधावयाची, वीज गेली की पुठ्ठ्याने वारा घालावयाचा. त्यांनी आपल्या देशातून मुलांच्या खाण्याचे सुबक डबे आणले होते. मुलीने त्यांतील एकही घास गिळला नाही. ती दोन्ही हात हलवी आणि म्हणे, “बेडा!” कन्नडमध्ये ह्याचा अर्थ ‘नको’. कन्नडचा हा पहिला शब्द त्या आईबापांनी आपल्या लेकीकडून शिकला. दूध नेले, बेडा. खेळणे दिले, बेडा. मांडीवर घेतले, बेडा. पहिल्या आठवड्यात त्या माडीवर दुसरा शब्द फारसा ऐकू आला नाही.

तेव्हा मावशीच मदतीला आल्या. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, वर चिमूटभर साखर घालून कशी भरवावी, मऊ भात आणि तुरीचे वरण कसे कालवावे, हे त्यांनी दाखवून दिले. भाकरी शेजारच्या घरून येई. पण पतीच्या मनाने घेतले की लेकीची भाकरी आपण थापावी. पहिल्या दहा भाकऱ्या तव्यावर पोचण्याआधीच मोडल्या. हे पाहावयास शेजारच्या बायका जिन्यात उभ्या राहात आणि तोंडाला पदर लावून हसत. चौथ्या आठवड्यात एक भाकरी टम्म फुगली, तेव्हा त्याच बायकांनी टाळ्या वाजविल्या.

रात्र अधिक कठीण जाई. मुलीला पाळण्याची सवय नव्हती. ती झोळीत झोपणारी. मावशीने आपले एक जुने लुगडे न धुता दिले. “धुऊ नका बाई, त्याला माझा वास आहे, त्या वासावर ती झोपंल,” असे त्यांनी बजावले. छताच्या कडीला झोळी बांधण्यापूर्वी पतीने त्या कडीला स्वतः लोंबकळून तिची परीक्षा घेतली. रात्री दोघे पाळीपाळीने दोरी ओढीत. आई आपल्या भाषेत हळू आवाजात काही गात असे.

त्या भाषेचीही एक मौज आहे. माल्टाची भाषा अरबीपासून निघालेली, लिपी मात्र रोमन. पुस्तकास ते ‘क्तीब’ म्हणतात, जगास ‘दिन्या’ म्हणतात, आणि हे कडवे कॅथलिक लोक प्रार्थनेत देवास ‘अल्ला’ म्हणून हाक मारतात. घरमालकांनी हे प्रथम ऐकले तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले, आणि त्या दिवसापासून भाड्याचा विषय त्यांनी महिनाअखेरपर्यंत काढला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मुलीला मध्यरात्री ताप भरला. दोघे तिला घेऊन एका दवाखान्यात धावले आणि आम्हांस फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा कारकून फॉर्मवर बोट ठेवून त्या बाईंस विचारीत होता, “तुम्ही हिच्या कोण?” बाई काही बोलल्या नाहीत. आई म्हणावे तर आदेश झालेला नव्हता, आई नाही म्हणावे तर पोर छातीशी भाजत होती. कारकुनास दोष देता येत नाही, त्याच्या कागदावर तिसरा रकाना नव्हता. अखेर शिशुगृहाच्या अधीक्षिका मावशींना घेऊन आल्या आणि त्यांची सही झाली. सुई टोचताना मुलगी किंचाळली. समोर मावशी हात पसरून उभ्या होत्या. परंतु मुलीने मान फिरविली आणि ती नव्या आईच्या गळ्याला बिलगली.

आम्ही मावशींकडे पाहिले. त्यांनी पसरलेले हात मागे घेतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, “फादर, आता माझं काम झालं.” त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या, आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. दत्तकाच्या कहाण्यांत आईबापांचे अश्रू सांगितले जातात. परक्याचे लेकरू आपल्या हाताने वाढवून, वेळ आली की मुकाट्याने दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या ह्या बायकांविषयी कोणी लिहीत नाही.

ताप उतरल्यावर ते तिघे दर रविवारी कमठाण्यास मिस्सेला येऊ लागले. मिस्सा कन्नडमध्ये. त्यांस शब्द कळत नसत, पण केव्हा उभे राहावे आणि केव्हा गुडघे टेकावे हे त्यांस कोणी सांगावे लागले नाही. मिस्सा संपली की अंगणात बायका भोवती जमत. “केवढ्याला पडली?” असे एकीने विचारले. मूल विकत मिळत नाही, शिशुगृहास द्यावयाचे शुल्क सरकारने ठरविलेले असते आणि त्यापलीकडे एक पैसाही देणेघेणे गुन्हा आहे, हे आम्हांस समजावून सांगावे लागले. मग भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, “फादर, पोर तर आपल्या मुलखाची. आपल्यात कुणीच नाही घेतली?”

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नंतर शिशुगृहात जाऊन विचारले. नियम असा आहे की मुलास प्रथम भारतातीलच घर मिळावे. ठराविक मुदतीपर्यंत येथील कोणी पुढे आले नाही, तरच ते परदेशी दांपत्यास दाखविले जाते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली घालून दिले. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी १९८२ मध्ये न्यायालयास पत्र लिहून परदेशी दत्तकाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांकडे लक्ष वेधले होते, त्यातून तो निकाल झाला. पुढे २००३ मध्ये भारताने हेग करारास मान्यता दिली. ह्या मुलीची माहितीही आपल्याकडील इच्छुकांस दाखविण्यात आली होती. तिच्यातील उणेपणा वाचून त्यांनी पुढे पाऊल टाकले नाही. देशात मूल हवे म्हणून रांगेत उभी असलेली जोडपी हजारोंनी आहेत. त्यांस मूल हवे असते, पण ते लहान हवे, धडधाकट हवे, आणि जमल्यास गोरे हवे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२४-२५ ह्या वर्षात देशात कायदेशीर मार्गाने ४,५१५ मुले दत्तक दिली गेली, आणि त्यांपैकी ४,१५५ मुलांस भारतातच घर मिळाले. आपले लोक पुढे येत आहेत. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांस तर ही वाट फार उशिरा मोकळी झाली. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख ह्यांच्यापुरता होता. ख्रिस्ती माणसास १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व घेता येई. मूल सज्ञान झाले की कायद्याच्या नजरेत ते नाते संपे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी कित्येक घरांत पोसलेली मुले होती. त्यांस माया मिळाली, पण नाव आणि वाटा कायद्याने मिळाला नाही. २००० सालच्या बालन्याय कायद्याने आणि २००६ मधील दुरुस्तीने हे बदलले. कोणत्याही धर्माच्या माणसास ह्या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा आज आमच्यापुढे कायद्याची सबब उरलेली नाही.

पाचव्या आठवड्यात त्या दोघांनी आमच्याजवळ एक इच्छा बोलून दाखविली. लेकीचा बाप्तिस्मा कमठाण्याच्या चर्चमध्ये व्हावा. विनंती गोड होती. आम्ही नम्रपणे नाही म्हटले. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ११० वे कलम सांगते की नागरी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच मूल समजावे. त्याचाच दुसरा अर्थ असा की नागरी कायद्याने ती तुमची होण्याआधी आपण घाई करू नये. आज तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुमचाही नाही, आमचाही नाही. बाईंचे डोळे भरून आले, पण पतीने मान डोलावली. “चार वर्षे थांबलो, आणखी काही दिवस थांबू,” तो म्हणाला.

थांबण्याच्या त्या दिवसांत ते बीदर पायी हिंडले. मुलगी बापाच्या खांद्यावर. चौबाऱ्याच्या उंच बुरुजाभोवती ती त्यास तीन तीन फेऱ्या घालावयास लावी. एकदा आम्ही त्यांस बिदरी कारागिराच्या दुकानी नेले. जस्त आणि थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, मोरचुदाने ते तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी कोरतात, नक्षीत चांदीची तार ठोकून बसवितात. अखेरीस बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती नवसागरासह पाण्यात उकळून ती भांड्यास लावतात. त्या मातीने जस्त कायमचे काळेभोर होते, आणि चांदी मात्र लखलखत राहते. दुसऱ्या मातीने हा गुण येत नाही असे कारागीर सांगतात. बाईंनी एक लहानशी डबी घेतली. मुलगी मोठी झाल्यावर तिला सांगावयाचे की ज्या मातीने हा रंग दिला, ती तुझ्या जन्मभूमीची.

ही दूरदृष्टी आम्हांस फार आवडली. दत्तक मुलापासून त्याचा जन्म लपविण्याची आपल्याकडे फार खोड आहे. गाव बदलतात, दाखले दडवितात, आणि मग लग्नाच्या बोलणीत कोणीतरी ते उघड्यावर आणतो. नाशिक जिल्ह्यात जन्मलेली आशा मिरो ही मुलगी १९७४ साली मुंबईतील अनाथाश्रमातून बार्सेलोनाच्या एका दांपत्याने दत्तक घेतली. १९९५ मध्ये ती आपल्या मुळाचा शोध घेत भारतात परत आली. पुढे तिने त्यावर पुस्तक लिहिले, आणि महाराष्ट्रात राहणारी आपली सख्खी बहीणही तिला भेटली. तिच्या पुस्तकाच्या नावात ‘गंगेची मुलगी’ असे शब्द आहेत. नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतात. आमच्या बीदरची मांजरा त्याच गोदावरीला जाऊन मिळते. मूल मोठे झाले की आपण कोठून आलो हे विचारतेच. आता नियमांनीही त्यास आपल्या मुळाचा शोध घेण्याचा मार्ग दिला आहे. म्हणून कागद नीट हवेत. ज्या मुलाचा कागद नाही, त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही.

सहाव्या आठवड्याच्या अखेरीस आदेश झाला. सुनावणी बंद दरवाज्याआड होते, म्हणून आत काय झाले ते आम्हांस ठाऊक नाही. बाहेर येताना पतीच्या हातात कागद होता आणि पत्नीच्या कडेवर मुलगी. मुलगी त्या कागदाकडे हात करून म्हणाली, “बेडा!” बाहेर उभे असलेले सगळेच हसले. पुढे पासपोर्ट व व्हिसा होईपर्यंत आणखी एक आठवडा गेला, आणि एका पहाटे ते मोटारीने हैदराबादच्या विमानतळाकडे निघाले. झोळीचे लुगडे घडी करून त्यांनी बरोबर नेले. मावशी निरोपास आल्या नव्हत्या. त्या दिवशी शिशुगृहात एक नवे बाळ आले होते, आणि त्यांची मांडी मोकळी नव्हती.

पहिली दोन वर्षे मुलाचे कसे चालले आहे ह्याचे अहवाल तेथील संस्थेने येथे पाठवावयाचे असतात. ते येत आहेत. बाप्तिस्माही त्यांच्या बेटावरच्या चर्चमध्ये, त्यांच्याच धर्मगुरूंच्या हस्ते झाल्याचे पत्र आम्हांस आले. मुलगी शाळेत जाते. तिच्या उणेपणावर उपचार चालू आहेत.

वाचकहो, आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एखादे तरी घर असे असते की जेथे अंगणात पोर नाही, आणि सणावारी सुनेस टोमणे ऐकावे लागतात. अशा घरांस आमचे दोन शब्द. दवाखान्यातून, ओळखीतून, पैसे देऊन हातोहात मूल घेऊ नका. तो गुन्हा आहे, आणि त्या मुलावर अन्याय आहे. जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षात जा, तेथे ‘कारा’कडे नाव नोंदविण्याची रीत सांगतात. रांग लांब आहे, धीर धरा. आणि मुलाची माहिती समोर आली, तिच्यात काही उणे लिहिलेले दिसले, तर कागद लगेच बाजूस सारू नका. एक रात्र त्यावर विचार करा. संत योसेफाने परमेश्वराच्या शब्दावर परके मूल आपले म्हटले, आणि नाझरेथच्या सुतारशाळेत त्यास वाढविले.

कमठाण्याच्या त्या म्हाताऱ्या बाई आजही मिस्सेनंतर भिंतीला टेकून बसतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांस सांगितले. ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, “मग पुढच्या पोरीला तरी कुणी बघा.”